मालक जेवायला बसला तरी लाइन चालू राहिली पाहिजे: छोट्या युनिटमध्ये जबाबदारी वाटायची कशी

मार्च लागला की सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. १५ जूनच्या आसपास शाळा उघडणार, त्याच्या आधी माल दुकानात पोचलेला पाहिजे, एक आठवडा उशीर झाला तरी दुकानदार दुसरीकडून उचलतो आणि आपला माल पुढच्या वर्षापर्यंत गोडाऊनला पडून राहतो. आणि नेमकं याच दिवसात बघा, वीस-तीस माणसं कामावर असतात पण डोकं एकट्याचंच चालत असतंय. मालकाचं, नाहीतर मालकाच्या विश्वासातल्या एका सुपरवायझरचं. तो जेवायला बसला, बँकेत गेला, लग्नाला गेला की सगळे त्याच्या फोनची वाट बघत थांबतात. मी अशाच युनिटच्या ऑफिसात काम बघतो, फ्लोअरवर रोज जाणं होतं आणि कागद पण माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळं हे कसं सुटतं ते सविस्तर लिहितोय. टॉवेलवाले, चादरवाले, किराणा होलसेलवाले, क्लास चालवणारे यांनासुद्धा यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काम वाटणं सोपं असतं, "तू कटिंग बघ, तू पॅकिंग बघ" म्हटलं की झालं. पण त्या कामातला निर्णय कोणी घ्यायचा आणि त्यासाठी किती पैसे त्याच्या हातात, हे दिलं नाही तर माणूस फक्त हात चालवतो आणि प्रत्येक अडचणीला परत तुमच्याकडेच येतो. मग तुम्हीच म्हणता की माणसं जबाबदारी घेत नाहीत. अहो, दिलीच कुठं?

सुरुवात कामांची यादी करून करू नका. ती यादी सगळ्यांना पाठ असते, तिच्यातून काही नवीन कळत नाही. त्याऐवजी मालकाने किंवा सुपरवायझरने एक साधी वही खिशात ठेवायची आणि आठवडाभर आपल्याला जे जे विचारलं जातंय ते जसंच्या तसं लिहायचं, कोणी विचारलं, काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. "अण्णा, नेव्ही ब्लू धागा संपत आलाय, आणू का?" "अण्णा, दोन टेलर आले नाहीत, काज-बटणवाल्या अक्काला शिलाईला बसवू का?" "शाळेचा फोन होता, ३२ साइज अजून पाहिजेत म्हणतायत, कापायला घेऊ का?" "टेम्पोवाला जास्त मागतोय, देऊ का?" असं सगळं.

शनिवारी ती वही घेऊन बसा. तीन प्रकार दिसतील. काही प्रश्नांना तुम्ही दरवेळी "हो" च म्हटलेलं असतं, ते प्रश्न तुमच्यापर्यंत यायचंच कारण नव्हतं, सोमवारपासून ते दुसऱ्याचे. काहींना तुम्हीच उत्तर द्यायला पाहिजे असतं, म्हणजे दर ठरवणं, नवीन दुकानदाराला उधारी देणं, माणूस ठेवणं-काढणं, ते तुमच्याकडेच राहू दे. आणि तिसरे म्हणजे "थांब, बघतो" वाले. हे सगळ्यात महाग पडतात, कारण तुम्ही बघेपर्यंत खाली कोणीतरी हात बांधून बसलेलं असतं. या तिसऱ्या प्रकारावर जास्त वेळ घालवा. बहुतेक वेळा असं निघतं की एक आकडा ठरवून दिला असता तर प्रश्नच आला नसता. टेम्पोला अमुक रुपयांपर्यंत द्यायचे, त्याच्या वर गेला तर दुसरा टेम्पो बोलवायचा, झालं.

आता ज्याची त्याची जबाबदारी कागदावर लिहायची कशी. एका जबाबदारीला एकच नाव. दोघांची म्हटली की कोणाचीच राहत नाही, हे सांगायची गरज नाही. आणि काय करायचं यापेक्षा काय झालेलं दिसलं पाहिजे ते लिहा. म्हणजे स्टोअरवाल्याच्या कागदावर "धागा-बटणाचा स्टॉक बघणे" असं लिहिलं तर तो बघतो, खरंच बघतो, संपलाय हे पण बघतो. त्याऐवजी असं लिहा: "धागा, बटण, चेन, कॅनव्हास, लेबल नाही म्हणून शिलाई लाइन थांबता कामा नये. त्यासाठी ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी न विचारता करायची, बिल त्याच दिवशी संध्याकाळी ऑफिसला द्यायचं. त्याच्या वरची खरेदी असेल तर मालकाला फोन." चार ओळी. यात काम आलं, हद्द आली, पैसे आले, हद्दीबाहेर गेलं तर काय ते पण आलं. ५,००० हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा, पण आकडा पाहिजेच. "छोटी-मोठी खरेदी" असं लिहू नका, प्रत्येकाचं छोटं-मोठं वेगळं असतंय.

आता खरी गंमत नाही पण खरी डोकेदुखी जिथं असते तिथं येऊ. जबाबदारी माणसाच्या हातात असताना सहसा हरवत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हरवते. एक शर्टाचं बंडल कसं फिरतं ते बघा. कटिंग मास्टर कापडाचे थर लावतो, एकावर एक कितीतरी, आणि ते थर वेगवेगळ्या ताग्यांचे असतात. पांढरं असो नाहीतर आकाशी, दोन ताग्यांत शेडचा फरक असतोच, डाइंगचा म्हणजे रंगाईचा लॉट बदलला की तर हमखास. म्हणून कापल्यावर प्रत्येक पीसवर नंबरचं छोटं स्टिकर लावतात, १७ नंबरच्या थरातली पाठ, १७ ची कॉलर, १७ ची बाही, सगळं एकाच शर्टाला लागलं पाहिजे. मग साइजप्रमाणे बंडल बांधून वर चिठ्ठी, आणि ते लाइनला जातं. लाइनला एक जण कॉलर करतो, एक बाही, एक साइड शिवतो, ओव्हरलॉक वेगळं, काज-बटण वेगळं, मग धागा कटिंगला म्हणजे सुटे धागे कापायला बायका, मग चेकिंग, इस्त्री, घडी, पॅकिंग.

आणि शेवटी दुकानदाराचा फोटो येतो की बॉडी एका शेडची आणि कॉलर दुसऱ्या शेडची.

आता विचारा कोणाची चूक. मास्टर म्हणतो मी नंबर लावले होते. टेलर म्हणतो स्टिकर गळून पडलं होतं, मी अंदाजाने लावलं. चेकिंगवाली म्हणते मला टाके, बटण आणि डाग बघायला सांगितलंय, शेडचं कोण बोललं नव्हतं. तिघंही खरं बोलतायत! इथं ओरडून काहीच होत नाही. कागदावर एक ओळ कमी आहे, ती लिहायची: स्टिकर पडलेला पीस टेलरने अंदाजाने लावायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, तो जुळवून द्यायची जबाबदारी कटिंगच्या हेल्परची, दिवसातून दोनदा तो डबा रिकामा करायचा. आणि शेड बघायची ती बॉडीला कॉलर जोडल्याबरोबर, इस्त्री झाल्यावर नाही, कारण तोपर्यंत त्या शर्टावर सगळी मजुरी खर्च झालेली असते.

म्हणून माझा आग्रह आहे की माणसांचे कागद करायच्या आधी जोडांचे कागद करा, म्हणजे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं त्या जागांचे. कटिंग ते लाइन, लाइन ते धागा कटिंग, चेकिंग ते पॅकिंग, पॅकिंग ते टेम्पो, ऑर्डर घेणारा ते कटिंग मास्टर. प्रत्येक जोडावर तीन गोष्टी ठरवा. मोजून कोण देणार, मोजून कोण घेणार आणि कमी भरलं तर त्याच वेळी कोणाला सांगणार. बंडलच्या चिठ्ठीवर दोघांची सही, सही येत नसेल तर टिकली-खूण चालेल, पण घेतलंय हे दिसलं पाहिजे. यातला ऑर्डरवाला जोड सगळे विसरतात. शाळेने तोंडी सांगितलेला बदल, म्हणजे खिशावरचा लोगो डावीकडे का उजवीकडे, हाफ बाही का फुल, हा ज्याने फोन घेतला त्याने लेखी मास्टरकडे दिल्याशिवाय कापायचं नाही, हा एक नियम पाळला तरी सीझनमधली अर्धी भांडणं कमी होतात.

आता जोडीदाराबद्दल, म्हणजे प्रत्येक जबाबदारीला पहिल्या नावासोबत दुसरं नाव. पहिला नसेल तेव्हा दुसरा. आपल्याकडे हे न करून चालतच नाही. संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजाच्या मिरवणुकीला आणि अक्षतेला अर्धा फ्लोअर जाणार आणि गेलाच पाहिजे, आषाढीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ, ईद, आणि लग्नसराई तर बरोबर एप्रिल-मे मध्ये, ऐन सीझनला. यात वर परत कोणाच्या घरी त्या दिवशी नळाला पाणी येणार असतं, ते चुकलं तर पुढचे चार दिवस काढायचे कसे, म्हणून माणूस दोन तास उशिरा येतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. सुट्टीवरून भांडण्यापेक्षा दुसरा माणूस तयार ठेवणं कधीही परवडतं.

पण नुसतं नाव लिहून जोडीदार तयार होत नसतो. पंधरा दिवसातून एकदा पहिला माणूस हजर असताना दुसऱ्याने ते काम पूर्ण करायचं, पहिल्याने दुसरीकडे बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ऑफ सीझनला, म्हणजे जुलै-ऑगस्टला हे करा, एप्रिलमध्ये शिकवायला वेळ कोणाला असतो? आणि पारख एकच, पहिला माणूस सुट्टीवर असताना त्याला एकही फोन करावा लागला नाही तर जोडीदार तयार झाला. फोन करावा लागला तर कशासाठी केला ते लिहून ठेवा, तेवढंच शिकवायचं राहिलंय.

काही जुने लोक जोडीदार घ्यायला तयार नसतात, कटिंग मास्टर तर हमखास. त्याला वाटतं मी शिकवलं की माझी गरज संपली. त्याची भीती खोटी नाही, असं झालेलं त्याने बघितलेलं असतंय. त्याला समोर बसवून सांगा की शिकवल्याबद्दल तुमचा पगार वाढणार आणि काम कमी होणार नाही, आणि जे सांगाल ते पाळा. पॅटर्न त्याच्या घरी असतील तर ते युनिटचे आहेत, एक सेट ऑफिसात नंबर टाकून टांगलेला पाहिजे, हे पण त्याच बैठकीत प्रेमाने बोलून घ्या.

पैशाचा विषय निघालाच आहे तर पीस रेटवाल्यांचं, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्यांचं बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त अन्याय होतो आणि तो कोणाच्या लक्षात पण येत नाही. चांगल्या टेलरला आपण म्हणतो की नवीन पोराला जरा दाखव, लाइनकडे जरा लक्ष ठेव. तो दाखवतो. पण तो दाखवत असताना त्याची मशीन बंद असते. समजा तो आठ तासात ५०० रुपयांचं काम करतो आणि तुम्ही त्याचा रोज दीड तास घेतला, तर त्याच्या खिशातून रोज ९० रुपयांच्या वर गेले. महिन्याचे हजारात जातात. तो काही दिवस करतो, मग टाळायला लागतो आणि आपण म्हणतो याला जबाबदारी नको. म्हणून पीस रेटवरच्या माणसाला कुठलीही जास्तीची जबाबदारी देताना तेवढ्या तासांचा पगार वेगळा ठरवा आणि तो आठवड्याच्या हिशेबात वेगळ्या ओळीत दाखवा, दर वाढवून त्यात मिसळू नका, नाहीतर शेजारचा विचारतो त्याला दर जास्त का.

बायकांच्या बाबतीत अजून एक. चहा, झाडलोट, नवीन मुलींना सांभाळणं, कोणाला चक्कर आली तर बघणं, हे सगळं कागदावर कुठंच नसतं आणि रोज धागा कटिंगच्या दोन-तीन अक्कांवर पडतं. हे काम आहे. लिहा, वेळ मोजा, पाळी लावा, पुरुषांची पण. आणि ज्या अक्काला सगळ्या जणी विचारून कामाला लागतात ती आधीपासूनच सुपरवायझर आहे, तिला ते पद आणि त्याचे पैसे द्यायला आपण उशीर करतोय एवढंच.

भाषेचं पण बघा. आपल्या फ्लोअरवर मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं चालतं. मराठीत छान टाइप केलेला कागद भिंतीला लावला म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका. जबाबदारी देताना तोंडी सांगा, त्या माणसाच्या भाषेत सांगणारा सोबत घ्या, आणि मग त्यालाच विचारा की आता तुम्ही काय करणार ते मला सांगा. तो जे सांगेल तेच त्याला समजलंय, बाकीचं तुमच्या कागदावरच राहिलं. ग्रुपवर तेलुगूत एक व्हॉइस मेसेज टाकला तर लांबलचक लेखी मेसेजपेक्षा जास्त चालतो, हे मी रोज बघतो.

ऑफिसचं काम माझ्या हातातलं, त्यामुळं ते जरा नीट सांगतो. छोट्या युनिटमध्ये एकच अकाउंटवाला सगळं बघतो आणि सगळ्या तारखा त्याच्या डोक्यात असतात. टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) ७ तारखेला, महिन्याची जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) भरणाऱ्यांना ११ तारीख, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा भविष्य निधी आणि विमा) १५ ला, जीएसटीआर-३बी (जीएसटी भरायचं विवरणपत्र) २० ला. तो आजारी पडला की कोणाला काहीच माहीत नसतं आणि लेट फी, व्याज सुरू. या तारखा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, प्रत्येक तारखेपुढं भरणाऱ्याचं नाव आणि भरलंय का हे बघणाऱ्याचं नाव, दोन वेगळी नावं. जीएसटी पोर्टलला एकापेक्षा जास्त अधिकृत सही करणारे जोडता येतात, पण ओटीपी मुख्य माणसाच्या मोबाईलला जातो, तर तो नंबर कोणाच्या खिशात आहे ते आजच बघून घ्या, सोडून गेलेल्या माणसाचा नंबर तिथं तसाच राहिलेला असतो. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळे एकाच पासवर्डने बसतात, ते बंद करून प्रत्येकाचं वेगळं युजर करा, म्हणजे एन्ट्री कोणी केली ते दिसतं आणि निष्कारण कोणावर संशय येत नाही.

ई-वे बिलावरून, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीत ऑनलाइन काढायच्या कागदावरून, टेम्पो थांबून राहणं हा तर नेहमीचा प्रकार. माल परराज्यात चालला असेल तर ५०,००० रुपयांच्या वर ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. आपला कितीतरी माल कर्नाटक-तेलंगणात जातो. संध्याकाळी सात वाजता पॅकिंग संपतं, अकाउंटवाला सहाला घरी गेलेला असतो, गाडी उभी. ई-वे बिलाच्या पोर्टलला सब-युजर करायची सोय आहे, डिस्पॅच बघणाऱ्याला तो करून द्या, गाडी नंबर टाकायचा त्याला शिकवा. आणि त्या बिलाच्या मुदतीचं पण सांगा, २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब असतो, हैदराबाद म्हणजे दोन दिवस धरा, गाडी रस्त्यात बंद पडली तर मुदत वाढवून कोण घेणार ते आधीच ठरलेलं पाहिजे.

सगळं वाटा पण एक गोष्ट एकाच हातात देऊ नका. माल मागवणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे सोडणारा हे तिघं वेगळे ठेवा. माणसं कमी असतील तर निदान पैसे सोडणारा तरी वेगळा, बँकेत एकाने पेमेंट टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं ही सेटिंग करून घ्या. मागवणाऱ्या माणसावर विश्वास नाही असा याचा अर्थ होत नाही, उलट उद्या हिशेब लागला नाही तर तो माणूस यामुळंच वाचतो. भाचा-पुतण्या असला तरी हाच नियम. घरच्या माणसाला "सगळं बघतो" असं पद देऊ नका, त्याचा पण बाकीच्यांसारखाच चार ओळींचा कागद पाहिजे, नाहीतर कामगारांना कळत नाही त्याचं ऐकायचं का मास्टरचं.

आगीचं. हे लिहिताना मन जड होतं. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून ८ जणांचा जीव गेला, आख्ख्या सोलापूरला तो दिवस विसरता येणार नाही. आपल्याकडे कापूस, कापड, धाग्याचा कचरा, इस्त्रीचे टेबल, पॅकिंगचं प्लास्टिक, सगळं पेटणारंच. तर चार जबाबदाऱ्या नावानिशी लिहा आणि दरवाजाजवळ लावा: मेन स्विच कोण पाडणार, दोन्ही दरवाजांसमोर माल ठेवू द्यायचा नाही हे कोण बघणार, इस्त्रीचे प्लग रात्री कोण काढणार आणि बाहेर आल्यावर हजेरीच्या वहीवरून माणसं कोण मोजणार. प्रत्येकाला जोडीदार, प्रत्येक पाळीला. दर महिन्याला एकदा सगळ्यांना खरंच बाहेर काढून बघा, सीझन असला तरी. पण हे नीट ऐका, ही कामं वाटली तरी माणसांच्या जिवाची जबाबदारी मालकाचीच राहते, ती कुठल्याही कागदाने दुसऱ्यावर टाकता येत नाही.

जबाबदारी दिल्यानंतरचे पहिले दोन महिने मालकासाठी अवघड असतात. सवयीने माणसं तुमच्याकडेच येणार. तुम्ही पण सवयीने उत्तर देणार. इथं स्वतःला आवरायचं आणि म्हणायचं, "हे स्टोअरवाल्या काकांचं काम आहे, त्यांना विचार." काकांनी घेतलेला निर्णय पटला नाही तर चारचौघात बदलायचा नाही, संध्याकाळी ऑफिसात बसवून बोला. आणि ठरवलेल्या हद्दीत राहून घेतलेला निर्णय चुकला, धागा जास्त आला, शेड थोडी वेगळी आली, तर ते नुकसान धंद्याचं. पगारातून एकदा कापलं की तो माणूस पुढच्या वेळी ५० रुपयांच्या बॉबिनला पण तुम्हाला फोन करणार, आणि सगळे बघणारे पण.

कागद वर्षातून दोनदा काढून बघा, फेब्रुवारीत सीझनच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर. कोणाकडे जास्त झालंय, कोण मोकळा आहे, कोणता जोडीदार नुसता नावाला आहे. आणि कोणी काम सोडून चाललं तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, नोटीस दिल्याच्या दिवशीच कागद काढा आणि एकेक ओळ जोडीदारासमोर हातावेगळी करा: किल्ल्या, पॅटर्न, शाळांची मापं लिहिलेली वही, पासवर्ड, अर्धवट ऑर्डरी, कोणाकडून येणं-देणं बाकी. शाळांचे आणि दुकानदारांचे फोन ज्या नंबरवर येतात ते सिम युनिटच्या नावावर घ्या, माणूस गेला तरी नंबर टेबलावर राहतो.